दामिनीच्या जबड्याचा स्क्रू

बिघडलेली वस्तू दुरुस्तीला दुकानात नेणं म्हणजे घरचं जेवण सोडून दुसऱ्याच्या पंगतीत बसणं, असं शेंदूरजनाघाटच्या शेषराव खेरडेंचं मत होतं. विहिरीवरची मोटर, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळं ते स्वतः दुरुस्त करायचे. "ज्यानं बनवलं तो बी मानूसच होता ना," असं म्हणत ते पक्कड हातात घ्यायचे. त्यानंतर ती वस्तू चालायची, हे काही खोटं नाही. फक्त मिक्सर लावला की टीव्ही बंद पडायचा. आणि कुकर त्यांच्या हाताखालून गेल्यापासून त्याची शिट्टी अशी काही वाजायची की शेजारची म्हैस घाबरून दूध चोरायची. त्यांची बायको रुख्मिणी कुकर चुलीवर चढवण्याआधी भिंतीवरून शेजारणीला विचारून घ्यायची, की बाई, तुमची धार काढून झाली का.

शेषरावांची एकुलती एक लेक दामिनी तेरा वर्षांची, आठवीत. बोलण्यात वाघीण. पण तिचे वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे, जणू दोघांचं भांडण होऊन एक घराबाहेर आला आणि दुसरा आतल्या खोलीत जाऊन बसला. वर्गातली पोरं तिला ससा म्हणायची. ती हसताना तोंडावर हात धरायची. पुढे पुढे बोलतानाही धरायला लागली. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, शाळेत तिचं भाषण झालं तेव्हा शेषराव पहिल्या रांगेत होते. भाषणाचा अर्धा भाग माइकमधून आला, अर्धा तळहातात राहिला. दुसऱ्या दिवशी शेषराव लेकीला घेऊन अमरावतीला गेले.

तिथे डॉक्टर रागिणी म्हणून दात सरळ करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दामिनीचे फोटो काढले, एक्स-रे काढले आणि सांगितलं की दात थोडे पुढे आहेत हे खरं, पण खरी गोष्ट खालच्या जबड्याची आहे. तो वाढीत मागे राहिलाय. पोरगी आत्ता वाढीच्या वयात आहे. वर्षभर तो जबडा पुढे धरून ठेवला तर हाड त्या बाजूनं भरत जाईल. वाढ थांबल्यावर आलात तर मात्र हे जमणार नाही, मग ऑपरेशनचीच गोष्ट.

शेषरावांना हे इतकं पटलं की ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हंजे कलमाले बांबूची काठी बांधते तसंच ना मॅडम? रोप कवळं आहे तवाच बांधा लागते. खोड झाल्यावर काठीच मोडते."

डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच. मग त्यांनी ते यंत्र दाखवलं. काढता-घालता येणारं नाही, दातांवर पक्कं बसवायचं. गालाच्या आत दोन्ही बाजूंना वरच्या दाढेपाशी एकेक बारीक नळी, खालच्या दातांपाशी एकेक सळई. तोंड मिटलं की सळई नळीत शिरते आणि खालचा जबडा पुढे ढकलून ठेवते. दोन्हीकडे तांदळाएवढे स्क्रू.

"हे तं मोटरसायकलचं शॉकअप आहे," शेषराव म्हणाले. आणि त्या क्षणापासून त्यांना यातलं सगळं कळतं अशी त्यांची खात्री झाली. माणसाला सगळं कळलं की तो ऐकणं बंद करतो. डॉक्टरबाई पुढे सांगत होत्या, ऊस नाही, भुट्टा नाही, फुटाणे नाहीत, रोडगे नाहीत, आणि तोंड फार मोठं उघडायचं नाही, कारण सळई नळीतून बाहेर निघते. निघालीच तर घाबरायचं नाही, आरशात बघून परत आत कशी सरकवायची हे त्या दाखवत होत्या. तेवढ्यात शेषरावांना संत्र्याच्या बगीच्याच्या पाण्याबद्दल फोन आला. फोनवर बोलता बोलता ते डॉक्टरबाईंकडे बघून मान हलवत राहिले. दामिनीनं मात्र आरशासमोर बसून ते तीनदा करून बघितलं.

पहिले पंधरा दिवस पोरीचे हाल झाले. भाकर दुधात कुस्करून खायची, गाल आतून सोलले, "स" म्हणायला गेली की शिट्टी वाजायची. पण ती पोरगी बापासारखीच हट्टी. रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलांसमोर भाषण करायची. आठ महिन्यांत तिचं बोलणं इतकं साफ झालं की शाळेनं तिला अकोल्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं. विषय होता जमिनीखालचं पाणी. हजार हजार फूट बोअर खणणाऱ्या गावच्या पोरीला या विषयाचं पुस्तक लागत नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी बाप-लेक निघाले. पहाटेची गाडी धरून वरूड, मोर्शी करत नऊला अमरावती, तिथून अकोल्याची बस. स्पर्धा दुपारी दोनला. दामिनी खिडकीशी, मांडीवर संत्र्यांची थैली. शेषराव कुठेही रिकाम्या हाताने जात नसत आणि परीक्षकांना संत्री देणं शोभत नाही हे त्यांना शाळेतल्या बाईंनी दोनदा सांगूनही पटलं नव्हतं. मूर्तिजापूरला एक किडकिडीत म्हातारा चढला आणि त्यांच्या बाकावर कडेला बसला. देवमन त्याचं नाव. बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा आणि सामान आणायला अकोल्याला चालला होता. दुरुस्ती करणारा माणूस म्हटल्यावर शेषरावांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. पाच मिनिटांत त्यांनी त्याला आपलं घर, बगीचा, लेक, लेकीचा जबडा आणि लेकीचं भाषण सांगून टाकलं. नुसतं सांगून भागेना, म्हणून भाषण म्हणूनच दाखवायला ते बसमध्ये उभे राहिले.

ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं, पण क्रम पाठ नव्हता. शेवट आधी आला, मग मध्येच त्यांच्या स्वतःच्या बोअरची हकिकत आली. "आणि पाणी खाली, खाली, आणखी खाली उतरत गेलं," असं म्हणताना त्यांनी का कोण जाणे, हात वर नेला. वर घंटीची दोरी होती. टण् आवाज झाला आणि बस एका कपाशीच्या वावरापाशी उभी राहिली.

कंडक्टर बाई मागून आल्या. इथे कोण उतरतंय, असं त्यांनी विचारलं. सगळी बस शेषरावांकडे बघायला लागली. त्यांचा हात अजून दोरीवरच होता.

"कोनी नाई उतरून राहिलं बाई," ते गंभीरपणे म्हणाले, "पानी उतरून राहिलं."

दामिनीला हसू फुटलं. दोन्ही हात थैलीत अडकलेले, तोंडावर न्यायला एकही मोकळा नव्हता. ती आयुष्यात पहिल्यांदा सगळं तोंड उघडून, मान मागे टाकून हसली. आणि हसता हसता टक् असा बारीक आवाज आला. डाव्या बाजूची सळई नळीतून बाहेर निघाली होती. तिनं तोंड मिटायला बघितलं तर सळईचं टोक नळीच्या काठावर अडलं. तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं.

तिला काय झालंय ते तिला नीट माहीत होतं आणि काय करायचं तेही माहीत होतं. ती म्हणाली, "मले येते." पण उघड्या तोंडानं ओठ न मिटता ते बाहेर आलं, "अए एए."

शेषरावांना ते "मेले, मेले" असं ऐकू आलं आणि त्यांनी लेकीची नाडी धरली. देवमनला वाटलं पोरगी मायला हाक मारते आहे. कंडक्टर बाईंना वर्षानुवर्षांच्या सवयीनं "मळमळते" असं ऐकू आलं आणि त्यांनी तत्परतेनं प्लास्टिकची पिशवी आणून तिच्या हनुवटीखाली धरली. दामिनीनं पिशवी बाजूला करून पुन्हा सांगितलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची म्हातारी ओरडली की पोरीची दातखिळी बसली, कांदा हुंगवा. कुणीतरी म्हणालं, तोंड उघडं असताना दातखिळी कशी बसेल. म्हातारी म्हणाली, मग उलटी बसली असेल. तेल्हाऱ्याकडचा एक दांडगा शेतकरी बाह्या सारत आला आणि म्हणाला की जबडा उतरलाय, हनुवटीखाली एक तडाखा दिला की बसतो, त्यानं आपल्या गोऱ्ह्याचा असाच बसवला होता. गोऱ्हा आता कसा आहे, हे कुणी विचारलं नाही.

शेषराव लेकीपुढे आडवे झाले. कोणीही हात लावायचा नाही, आतमध्ये मशीन आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आता बसमध्ये त्यांच्याशिवाय यातलं कळणारा कोणी नव्हता आणि तशी वेळ आली की त्यांना चेव चढायचा. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून लेकीच्या तोंडात बघितलं आणि निदान केलं: एका बाजूचं शॉकअप जाम झालंय, स्क्रू थोडा ढिला केला की आपोआप सरकेल. पक्कड मात्र घरी राहिली होती. त्यांनी देवमनकडे बघितलं. देवमननं खिशातून कापडाची एक गुंडाळी काढली. त्यात सुईसारखे बारीक पेचकस ओळीनं लावलेले होते. शेषरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

दामिनीनं जोरजोरात मान हलवली. शेषरावांनी प्रेमानं तिचं डोकं धरलं आणि म्हणाले, "भेऊ नको माय, बाप आहे ना तुह्या."

समोर बसलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला असतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण घाईत आठवत नाही. शेषरावांनी डाव्या बाजूचा बिघाड काढायला उजव्या बाजूचा चांगला स्क्रू धरला. पेचकस नेमका बसत नव्हता, तरी त्यांनी दाब देऊन तो फिरवला. स्क्रू खरंच ढिला झाला. त्यांनी आणखी एक आटा दिला. तेवढ्यात कंडक्टर बाईंनी, गाडीला आधीच उशीर झाला म्हणून, दोनदा घंटी दिली. बस निघाली, पहिल्याच खड्ड्यात आदळली, आणि स्क्रू पेचकसाच्या टोकावरून उडाला तो कुठे गेला कोणी पाहिलं नाही. आता दामिनीच्या डाव्या बाजूची सळई बाहेर होती आणि उजव्या बाजूची लोंबत होती.

"स्क्रू पडला," शेषराव म्हणाले. ते हळूच म्हणाले होते. पण बसमध्ये हळू बोललेलं लवकर पोचतं. मागच्या बाकापर्यंत जाईस्तोवर त्याचा सोन्याचा स्क्रू झाला होता आणि तिकडची चार माणसं लगेच बाकाखाली वाकली. पुढे जाताना मात्र पोरीचं नाव वाटेत गळून पडलं आणि ड्रायव्हरच्या कानी एवढंच गेलं की स्क्रू पडला. बावीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसानं हे ऐकल्यावर जे करायला हवं तेच त्यानं केलं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं.

मग काय विचारता. पस्तीस माणसं उन्हात उभी. ड्रायव्हर पाना घेऊन चाकांचे नट एकेक करून तपासतोय. सोन्याचा स्क्रू शोधणारे आता रस्त्यावर पसरलेत आणि त्यातले दोघे मागे चालत अर्धा किलोमीटर जाऊन आलेत. दांडगा शेतकरी बसच्या पोटाखाली आडवा. शेषराव त्याच्या शेजारी आडवे, कारण स्क्रू फटीतून खाली पडला असावा असं त्यांचं अनुमान होतं. दोघे बराच वेळ एकाच ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू शोधत होते. एक पोस्टातला कारकून घड्याळ बघत येरझारा घालत होता. आणि कांदेवाल्या म्हातारीच्या डोक्यात भलतंच आलं. पोरीनं तो गिळला असेल तर, असं तिनं विचारलं. विचारलं आणि कोणाच्या उत्तराची वाट न बघता बसमध्ये चढून, पिशवीतून केळं काढून दामिनीच्या उघड्या तोंडात कोंबलं, म्हणजे स्क्रू केळात गुंडाळून सुखरूप खाली उतरेल. आधीच न बोलता येणाऱ्या पोरीची उरलीसुरली वाचाही गेली.

सगळे नट जागेवर आहेत हे कळल्यावर ड्रायव्हर उठला आणि पडलेला स्क्रू कोणी पाहिला, केवढा होता, असं त्यानं विचारलं. बसखालून शेषरावांचा हात बाहेर आला. अंगठा आणि तर्जनीमध्ये त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढं अंतर दाखवलं. ड्रायव्हर त्या बोटांकडे पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्यानं पाना जागेवर ठेवला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन बसला.

या सगळ्या काळात बसमध्ये बसून राहिली ती एकटी दामिनीच. तिनं केळं खाली उतरवलं, डोळे पुसले आणि शांतपणे मांडीवरच्या थैलीतलं एकेक संत्रं बाहेर काढायला लागली. सहाव्या संत्र्याच्या देठाला पान होतं. त्या पानावर स्क्रू बसलेला होता. तिनं तो रुमालात बांधला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि बसखालून निघालेल्या बापाच्या पाठीवर संत्रं मारलं.

स्क्रू मिळाल्यावर शेषरावांना पुन्हा धीर आला. आता तो बसवायचा कसा एवढंच डॉक्टरबाईंना विचारून घेऊ, असं ठरवून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर रागिणी पेशंट बाजूला ठेवून फोनवर आल्या. शेषरावांनी सगळी हकिकत सांगितली, त्यात स्वतःचा भाग थोडा कमी करून सांगितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला तोंड दाखवा. शेषरावांनी फोनची पाठ दामिनीकडे केली, पण कॅमेरा फिरवायचा राहिला. पोरगी कशी आ वासून बसली आहे हे समजावं म्हणून त्यांनी स्वतःही आ केला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी उघड."

शेषरावांनी जोर लावला.

"आणखी."

"याच्यावर नाई उघडत मॅडम," शेषराव म्हणाले.

पडद्यावरचा चेहरा एकदम जवळ आला. मग डॉक्टरबाईंनी अगदी सावकाश विचारलं, "शेषराव, हे तुमचं तोंड आहे ना? दिवसाला किती खर्रे खाता?"

शेषरावांनी आजूबाजूला बघितलं. पस्तीस माणसं उत्तर ऐकायला थांबली होती. तंबाखू-सुपारीचा हा खर्रा सोडल्याची शपथ त्यांनी रुख्मिणीपुढे दोन वर्षांपूर्वीच घेतली होती आणि रुख्मिणीचा त्यावर विश्वास होता. त्यांनी चार बोटं कॅमेऱ्यासमोर धरली, म्हणजे निदान तोंडानं तरी कबूल केल्यासारखं होऊ नये. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचं नंतर बघते, फोन दामिनीला द्या.

दामिनीनं फोन घेतला. डॉक्टरबाईंनी तिला दोन प्रश्न विचारले, तिनं मान हलवून उत्तरं दिली. आरसा आहे का, असा तिसरा प्रश्न होता. दामिनीनं ड्रायव्हरच्या आरशाकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर बाभळीखालून उठून आला, तिला आपल्या जागेवर बसवलं आणि तिच्या तोंडासमोर येईल असा आरसा खाली वळवून दिला. दामिनीनं कंडक्टर बाईंच्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, तोंड मोठं उघडलं, एका बोटानं डावी सळई धरली, नळीच्या तोंडाशी आणली आणि आत सरकवली. उजवीकडची लोंबती सळई डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे नळीतून ओढून काढली आणि रुमालात ठेवली. मग तोंड मिटलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

एका बाजूचीच सळई राहिल्यानं जबडा जरा तिरका झाला होता, पण बोलता येत होतं. पाऊण तासानंतरचं तिचं पहिलं वाक्य सगळ्या बसनं ऐकलं.

"बाबा, मी तवापासून सांगून राहिली, मले येते म्हणून."

शेषरावांनी हातातला पेचकस देवमनला परत दिला. देवमननं आपले पेचकस मोजून कापडात गुंडाळले. पोस्टातल्या कारकुनानं विचारलं की आता निघायचं का.

ड्रायव्हरनं पुढे अशी गाडी हाकली की बोरगाव मंजू कधी मागे पडलं कळलं नाही. स्क्रूचा विचार संपून आता शेषरावांच्या मनात दुसरीच गोष्ट आली होती. आठ महिने त्या जबड्याला काठी बांधलेली होती. ती आपण हातानं सोडली. पोरीनं दूध-भाकरीवर काढलेले पंधरा दिवस, सोललेले गाल, सगळं त्या एका आट्यात वाया गेलं असेल तर? वाढीचं वय काही थांबून राहत नाही. लेकीला हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. ती खिडकीबाहेर बघत ओठातल्या ओठात भाषण म्हणत होती.

अकोल्यात डॉक्टर रागिणींची एक मैत्रीण होती, तीही दातांचीच डॉक्टर. फोन आधीच गेला होता, त्यामुळे रिक्षातून उतरल्याबरोबर दामिनीला खुर्चीवर घेतलं. उजव्या स्क्रूचं डोकं पेचकसानं पार घासून गेलं होतं. तो आता बसणार नव्हता आणि तसला दुसरा तिच्याकडे नव्हता. एका बाजूनं ठेवणं बरोबर नाही म्हणून तिनं डावी बाजू आणि उजवीकडची उरलेली नळीही काढली. आज असंच राहू दे, उद्या अमरावतीला जाऊन दोन्ही बसवून घ्या, असं सांगितलं आणि दामिनीच्या हातात आरसा दिला.

शेषराव दाराशी उभे होते. जबडा पुन्हा मागे जाताना बघायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून ते भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत होते. पण शेवटी त्यांनी वळून बघितलंच. दामिनीचे ओठ मिटलेले होते. ओठ मिटायला तिला ओढावे लागत नव्हते. हनुवटी जिथे सळईनं आणून ठेवली होती, तिथेच होती. आत आता काही नव्हतं, ना नळी ना सळई, तरी ती मागे गेली नव्हती. पोरगी आरशात एकदा समोरून बघे, एकदा बाजूनं.

"गेलं नाई बाबा मांगं," ती म्हणाली.

शेषरावांनी थैलीतलं सगळ्यात मोठं संत्रं काढून त्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. मग आणखी एक ठेवलं. मग थैलीच ठेवली.

दोन वाजायला दहा कमी असताना ते सभागृहात पोचले. दामिनी नवव्या नंबरवर बोलायला उठली. शेषराव शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्यांचं लक्ष भाषणाकडे नव्हतं, तिच्या हातांकडे होतं. तिचा एक हात माइकच्या दांड्यावर होता आणि दुसऱ्या हातानं ती पाणी किती खोल गेलं ते दाखवत होती, हात खाली नेऊन, बरोबर. ती साडेसहा मिनिटं बोलली. तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर अकोल्याच्याच एका मुलाला गेला, आणि तो खरंच चांगला बोलला होता हे शेषरावांनीसुद्धा दोन दिवसांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत डॉक्टर रागिणींनी नवे स्क्रू घालून यंत्र पुन्हा बसवलं. काम छान चाललंय, पण हाड पक्कं व्हायला अजून सहा महिने ठेवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. दामिनी खुर्चीवरून उतरली. शेषराव नमस्कार करून निघायच्या बेतात होते, तर डॉक्टरबाईंनी त्याच खुर्चीकडे बोट केलं. शेषराव बसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा. शेषरावांची दोनच गेली. तिसऱ्या बोटासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली, नख आत घालून बघितलं, पण जमलं नाही. गाल आतून चामड्यासारखे झाले होते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच शेषराव जास्त घाबरले. खर्रा आजच्या आज बंद, नाहीतर हे तोंड घास जाण्याएवढंही उघडणार नाही आणि त्यापुढचं मी बोलत नाही, असं त्या म्हणाल्या. औषधं लिहून दिली. त्याशिवाय एक व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. सुरुवात नऊ काड्यांनी, मग दर आठवड्याला एक काडी वाढवायची.

हे सगळं रुख्मिणीला कोण सांगणार, असा प्रश्न परतीच्या गाडीत होता. तो दामिनीनं सोडवला. तिचं बोलणं आता साफ होतं.

रुख्मिणी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं स्वतः दुकानातून काड्यांचं पुडकं आणून दारापुढच्या ओट्यावर ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी शेषराव ओट्यावर तोंडात काड्यांची थप्पी धरून बसतात आणि दामिनी हातात घड्याळ घेऊन समोर उभी असते. आटा ढिला नाही करायचा बाबा, असं मध्येच म्हणते.

जानेवारीच्या शेवटी संत्र्याचा व्यापारी देवराव बगीचा बघायला आला तो नेमका याच वेळेला. दरवर्षी त्याचं आणि शेषरावांचं दोन-दोन तास भांडण चालायचं. शेषराव भूगोलापासून सुरुवात करायचे, बापजाद्यांवर यायचे, आणि शेवटी बोलून बोलून थकले की देवराव म्हणेल त्या भावाला हो म्हणायचे. या वेळी देवरावनं भाव सांगितला आणि शेषराव नुसते बघत राहिले. तोंडात अकरा काड्या होत्या, दुसरं काही करताही येत नव्हतं. देवरावला वाटलं, माणूस भलताच चिडलाय. त्यानं भाव थोडा वाढवला. शेषरावांचे डोळे विस्फारले, कारण एवढा भाव त्यांनी कधी ऐकला नव्हता. देवरावनं त्या डोळ्यांचा वेगळाच अर्थ काढला आणि आणखी वाढवला. मग न राहवून त्यानंच हात पुढे केला.

दारातून रुख्मिणी हे सगळं बघत होती. देवराव फाटकाबाहेर गेल्यावर ती आत वळता वळता म्हणाली, "ह्या काड्या जपून ठेवजा. पुढच्या बहाराले बी लागतीन."

शेषरावांकडे याला चांगलं चोख उत्तर होतं. पण दामिनीच्या घड्याळात अजून चार मिनिटं बाकी होती.